अडीच तासांचे विमान, सोळा तासांचा प्रवास : मस्कत ते रत्नागिरी या अंतराचा हिशेब

आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांतील मुले-मुली नोकरीनिमित्त आखाती देशांत आहेत. नाताळ, लग्नसराई, नव्या घराचा आशीर्वाद किंवा घरातील आजारपण अशा प्रसंगी ती गावी येतात आणि तेव्हा एक प्रश्न हमखास विचारला जातो : “विमानाला किती तास लागतात?” प्रश्न साधा आहे. त्याचे उत्तरही आता कोणीही भ्रमणध्वनीवर पाहून क्षणात देतो. परंतु हेच उत्तर जसेच्या तसे स्वीकारल्यामुळे काय होऊ शकते, हे आम्ही एकदा फार जवळून पाहिले. प्रस्तुत लेख त्या अनुभवातून लिहिला आहे.

मोपाचा विमानतळ सुरू होण्याच्या काही वर्षे आधीची ही गोष्ट. जुलै महिना होता. आमच्या परिचयातील एका कुटुंबातील माता पहाटे प्रभूच्या घरी गेली. धाकटा मुलगा मस्कतला होता. त्याला त्याच रात्री साडेदहाच्या विमानाचे तिकीट मिळाले. दफनविधीची वेळ ठरविण्यासाठी थोरल्या भावाने आम्हांला विचारले, “मस्कतहून मुंबईला विमानाला किती वेळ लागतो हो?” आम्ही म्हणालो, “अडीच तास.” त्यांनी हिशेब मांडला : साडेदहाला सुटले की एक वाजता मुंबई, बाहेर पडायला एक तास, मग गाडीने सात तास. म्हणजे सकाळी नऊला मुलगा घरी. दुसऱ्या दिवशी साडेदहाला विधी ठरला आणि तसे सर्वांना कळविण्यात आले.

विमान वेळेवर सुटले आणि वेळेवर उतरले. तरीही मुलगा घरी पोहोचला तो दुपारी दीड वाजता. चर्चमध्ये फादरांनी आणि लोकांनी बारा वाजेपर्यंत, म्हणजे तब्बल दीड तास, वाट पाहिली होती. फादरांना त्या दिवशी दुसऱ्या गावीही जायचे होते, पाऊस थांबत नव्हता, आणि परशुराम घाटात अडकलेली गाडी केव्हा सुटेल हे कोणीच सांगू शकत नव्हते. मुलगा थेट दफनभूमीत आला. कबरीवरची फुले तोवर भिजून गेली होती.

चूक कोणाची? घाटातील वाहतूककोंडीची काही अंशी, पण आमचीही. आम्ही सांगितलेला आकडा खोटा नव्हता. तो अपुरा होता. म्हणून हे अंतर आणि हा वेळ नेमका कसा मोजतात, ते नीट समजून घेऊ.

प्रथम अंतर. दोन विमानतळांमधील म्हणून जे अंतर सांगितले जाते, ते पृथ्वीच्या पाठीवरचे सर्वांत जवळचे अंतर असते. शाळेतील पृथ्वीगोल घ्यावा, एका ठिकाणी दोऱ्याचे टोक धरावे, दुसऱ्या ठिकाणापर्यंत दोरा ताणावा. ताणलेला दोरा ज्या मार्गाने जातो, तेच हे अंतर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर हाच मार्ग वाकडा दिसतो. लांबच्या प्रवासात हे चांगलेच जाणवते. मुंबई–लंडन हे सुमारे ७,२०० किलोमीटरचे अंतर नकाशावर पट्टी ठेवून काढलेल्या रेषेपेक्षा बरेच उत्तरेकडे झुकलेले असते.

आपल्या मुंबई–रत्नागिरीसाठी तर पृथ्वीगोलाचीही गरज नाही. कागद-पेन्सिल पुरे. मुंबईचा विमानतळ सुमारे १९ अंश ५ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे; रत्नागिरीची मिरजोळे येथील धावपट्टी सुमारे १७ अंश १ मिनिटावर. फरक २ अंश ४ मिनिटे, म्हणजे १२४ मिनिटे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल. रत्नदुर्गावरील दीपगृह पाहून नाव हाकणाऱ्यांचे हेच माप आजही वैमानिक वापरतात. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, तेव्हा १२४ सागरी मैल म्हणजे सुमारे २३० किलोमीटर. रत्नागिरी मुंबईच्या सरळ दक्षिणेला नाही, किंचित पूर्वेला, सुमारे ४९ किलोमीटर सरकलेली आहे. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचा नियम लावला की उत्तर येते सुमारे २३५ किलोमीटर. नववी-दहावीतील मुलांकडून हे गणित घरी अवश्य करून घ्यावे. भूगोल आणि भूमिती एकदमच पक्की होतात.

हेच अंतर रस्त्याने सुमारे ३३० किलोमीटर आहे आणि रेल्वेनेही साधारण साडेतीनशेच्या घरात जाते. पक्ष्याची वाट आणि माणसाची वाट यांतील हा शंभर किलोमीटरचा फरक म्हणजे आपले कोकणच : खाड्या, घाट, डोंगरांचे सुळके. कोकण रेल्वेने तर सरळ जाण्याची शर्थ केली. त्यासाठी रत्नागिरीच्या आसपासच करबुड्याचा सुमारे साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवलचा पूल बांधावा लागला. तरीही वळणे उरलीच.

याच पद्धतीने, मात्र पृथ्वीच्या गोलाईचा विचार करून, मस्कत–मुंबई अंतर सुमारे १,५९० किलोमीटर येते. दुबई–मुंबई सुमारे १,९३० आणि कुवेत–मुंबई सुमारे २,७५० किलोमीटर.

आता वेळ. मोठे जेट विमान आकाशात ताशी सुमारे ८००-८५० किलोमीटर वेगाने जाते. १,५९० ला या वेगाने भागले तर दोन तासांहून थोडे कमीच उत्तर मिळते. मग वेळापत्रकात अडीच ते पावणेतीन तास का लिहिलेले असतात? कारण वेळापत्रकातील वेळ हा उडण्याचा वेळच नसतो. विमान उभे असताना त्याच्या चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान मागे ढकलले जाते तेव्हा घड्याळ सुरू होते, आणि दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर उभे राहून पुन्हा ठोकळे लागतात तेव्हा थांबते. मधल्या वेळात विमान रांगेत उभे राहते, धावपट्टीपर्यंत चालत जाते, हळूहळू उंची गाठते, आणि उतरण्याच्या सुमारे दोनशे किलोमीटर आधीपासूनच खाली येऊ लागते. पूर्ण वेग मधल्या भागापुरताच असतो.

शिवाय विमान त्या ताणलेल्या दोऱ्यावरून तंतोतंत जात नाही. आकाशातही ठरवून दिलेले मार्ग आहेत. नकाशावरील अदृश्य बिंदूंना जोडत जोडत ते जातात. कधी एखाद्या देशाचे आकाशच बंद होते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले हवाई क्षेत्र बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या अनेक विमानांना लांबचा वळसा घ्यावा लागला. दोन शहरांमधील अंतर तेच राहिले, प्रवास वाढला.

मुंबईपाशी आणखी एक गंमत आहे. मस्कतहून येणारे विमान समुद्रावरून, पश्चिमेकडून येते. परंतु मुंबईची मुख्य धावपट्टी बहुतेक वेळा पूर्वेकडून, म्हणजे घाटकोपर-कुर्ल्याच्या बाजूने उतरण्यासाठी वापरली जाते. त्यामुळे खिडकीतून मुंबईचे दिवे दिसू लागले, प्रवाशांनी जपमाळ खिशात ठेवली, तरी विमान शहर ओलांडून पुढे जाते, वळते आणि मग उतरते. त्यात गर्दी. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी व्यवहारात एकच वापरता येते. अशा विमानतळावर ११ नोव्हेंबर २०२३ रोजी चोवीस तासांत १,०३२ विमानांची ये-जा झाली होती. यावरून आकाशात घिरट्या घालत थांबणे का नशिबी येते, हे ध्यानात यावे. कंपन्यांनाही हे ठाऊक असते, म्हणून त्या वेळापत्रकात थोडा वेळ आधीच वाढवून ठेवतात. विमान “वीस मिनिटे लवकर” आले, असे आनंदाने सांगितले जाते, त्याचे रहस्य पुष्कळदा एवढेच असते.

वाऱ्याचाही वाटा असतो. हिवाळ्यात उत्तर भारत आणि आखाताच्या वरच्या थरांत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात; आखातातून भारताकडे येणाऱ्या विमानाला ते पाठीवर मिळतात आणि परत जाताना तोंडावर. पावसाळ्यात दक्षिण भारतावर वरच्या थरांतील वारे नेमके उलटे, पूर्वेकडून, वाहतात. विमानांची वेळापत्रकेही वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबर यांच्या शेवटच्या रविवारी, बदलतात. नाताळचे तिकीट सप्टेंबरात काढणाऱ्यांनी ऑक्टोबर संपल्यावर वेळ पुन्हा एकदा तपासून पाहावी.

आता त्या कुटुंबाच्या हिशेबातील सर्वांत मोठी चूक पाहू. ती अंतराची नव्हती, घड्याळाची होती. ओमानचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते. दुबईचेही तसेच. कुवेत आणि सौदी अरेबियाचे अडीच तास मागे. तिकिटावर सुटण्याची वेळ त्या देशाची आणि पोहोचण्याची वेळ आपली, अशी छापलेली असते. मुलाच्या तिकिटावर सुटण्याची वेळ रात्री २२.३० आणि पोहोचण्याची ०२.४० होती. पाहणाऱ्याला वाटावे, चार तास दहा मिनिटे! प्रत्यक्षात मस्कतला साडेदहा वाजतात तेव्हा आपल्याकडे बरोबर मध्यरात्र झालेली असते. बारापासून दोन चाळीसपर्यंत, म्हणजे दोन तास चाळीस मिनिटे. परतीच्या तिकिटावर उलटाच चमत्कार. पहाटे ०४.०० ला मुंबईहून सुटलेले विमान ०५.२० ला मस्कतला पोहोचलेले दिसते. जणू सव्वा तासाचाच प्रवास. आमच्या एका ज्येष्ठ वाचकांनी यावरून विचारले होते, “जाताना विमान एवढे पळते, मग येताना का रेंगाळते?” रेंगाळत काही नाही. दीड तास एका बाजूला मिळवला जातो आणि दुसऱ्या बाजूला वजा होतो.

थोरल्या भावाने मात्र मस्कतच्या साडेदहात अडीच तास मिळवून “रात्री एक वाजता मुंबई” असे धरले. तिकिटाची प्रत मागवली असती तर ०२.४० हा आकडा समोर दिसला असता. आम्हीही ती मागितली नाही. एक तास चाळीस मिनिटे तेथेच गेली. अशा वेळी “किती तास लागतात” हे विचारूच नये. “भारतीय वेळेनुसार कोणत्या तारखेला, किती वाजता उतरणार” एवढेच विचारावे. तारीख तर विशेष जपून. मध्यरात्रीनंतरच्या विमानाला पाहुण्याला आणायला एक दिवस उशिरा गेलेले लोकही आम्हांला ठाऊक आहेत.

विमान उतरले म्हणजे माणूस बाहेर आला असे नव्हे. इमिग्रेशनची रांग, सामानाचा पट्टा, सीमाशुल्क, मग गाडीचा शोध. पहाटेच्या वेळी आखातातील विमाने एकामागून एक उतरतात. एक तास वीस मिनिटे ही आमच्या मते रास्त अपेक्षा आहे. केवळ हातातील पिशवी घेऊन येणाऱ्याचा अर्धा तास सहज वाचतो, आणि मातीला येणाऱ्याने तसेच यावे. मुलगा चारच्या सुमारास बाहेर आला. पुढचे सात तास धरले तर अकरा वाजायचे. म्हणजे घाट मोकळा असता, तरीही साडेदहाची वेळ चुकणारच होती.

येथे रत्नागिरीकरांच्या प्रवासाचे खरे दुखणे सुरू होते. अरबी समुद्र ओलांडायला पावणेतीन तास आणि मुंबईहून घर गाठायला सात-आठ तास. मस्कतच्या खोलीतून मुलगा निघाला तेव्हा भारतीय घड्याळात रात्रीचे आठ वाजले होते. घाटातील कोंडी वगळली आणि वाटेतील चहा-विश्रांती धरली, तरी दुपारचे बारा होणार होते. सोळा तास. त्यांपैकी विमानाचा वाटा जेमतेम सहावा हिस्सा. तेवढाच आम्ही सांगितला होता.

रेल्वेचा पर्याय आहे. मुंबई–मडगाव वंदे भारत २७ जून २०२३ रोजी सुरू झाली; पावसाळा नसताना ती मुंबईहून पहाटे निघून पाच-साडेपाच तासांत रत्नागिरीला येते. विमानतळावरून येणाऱ्याला ती दादर किंवा ठाण्याला गाठता येते. मात्र पावणेतीनला उतरलेल्या माणसाला पहाटेची गाडी पकडायची तर सर्व काही सुरळीत व्हावे लागते, आणि तातडीच्या प्रसंगी आरक्षण मिळेलच असे नाही. पावसाळ्यात कोकण रेल्वे वेगळे वेळापत्रक लावते. दरडींच्या भीतीने गाड्या सावकाश चालवल्या जातात. ही सावधगिरी योग्यच आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा रस्ता आणि रेल्वे दोन्ही ठप्प झाल्याचे आपण पाहिले आहे.

मग रत्नागिरीतच विमान का उतरत नाही, हा प्रश्न येतो. मिरजोळ्याची धावपट्टी जुनी आहे आणि तटरक्षक दल ती वापरते. प्रवासी इमारतीचे कामही गेल्या काही वर्षांत हाती घेण्यात आले. तथापि २०२५ उजाडेपर्यंत तेथून नियमित प्रवासी सेवा सुरू झालेली नव्हती. ती सुरू झाली तर किती वेळ वाचेल? एटीआर जातीचे सत्तरएक आसनांचे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. २३५ किलोमीटरला त्या वेगाने अर्धा तासही लागणार नाही, असे वर्तमानपत्री हिशेब आपण वाचतो. ते फसवे आहेत.

कसे, ते शेजारच्या चिपीने दाखवून दिले. सिंधुदुर्गचा हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि अलायन्स एअरचे एटीआर मुंबईहून तेथे येऊ लागले. हवाई अंतर सुमारे ३५० किलोमीटर. ५०० ने भागल्यास बेचाळीस मिनिटे. वेळापत्रकात मात्र सुमारे सव्वा ते दीड तास असे. निम्मा वेळ रांगेत, चढण्यात, उतरण्यात आणि मुंबईच्या गर्दीत जातो. जेवढे अंतर कमी, तेवढा हा ठरलेला खर्च अधिक जाणवतो. बाजारात जाण्याच्या रिक्षाला मीटरचे किमान भाडे पडते, तसेच हे. मस्कत–मुंबई प्रवासाचा सरासरी वेग ताशी सुमारे सहाशे किलोमीटर पडतो. मुंबई–चिपीचा जेमतेम अडीचशे. रत्नागिरीची सेवा सुरू झाली तरी ती वेळापत्रकात एक तासाच्या आसपासचीच असेल, असे आम्ही धरून चालतो. त्यात मुंबईला उतरून दुसऱ्या विमानात बसण्यासाठी तीन-चार तास हाताशी ठेवावे लागतील. तरीसुद्धा आजारी माणसाला, वृद्धांना आणि घाटरस्त्याने मळमळणाऱ्या लहान मुलांना ती मोठी सोय होईल, यात शंका नाही.

परंतु सेवा सुरू होणे आणि ती टिकणे यांत अंतर आहे. केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेतील पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला–दिल्ली मार्गावर उडाले. सुमारे ५०० किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला ठरावीक आसनांपुरते २,५०० रुपये भाडे, आणि कंपनीला तूट भरून काढण्यासाठी तीन वर्षे साहाय्य, असे तिचे मूळ स्वरूप होते. चिपी–मुंबई सेवा याच योजनेतील होती. तीन वर्षांची मुदत संपली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात ती सेवा थांबली. तेव्हा एखादा विमानतळ नकाशावर आहे म्हणून तेथे आपल्याला हवे ते विमान आहे, असे गृहीत धरू नये.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्ही हे सारे लिहीत आलो, तो असा. विमान अधिक लांबचे घेतल्यास घर कधी कधी लवकर येते. गोव्याचा मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथे विमाने उतरू लागली. मस्कत–मोपा हवाई अंतर सुमारे १,८५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा अडीचशेहून अधिक. विमानात त्याची वीस-पंचवीस मिनिटे होतात. परंतु मोपाहून पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, राजापूर, लांजा, हातखंबा असे रत्नागिरीला यायला सुमारे दोनशे किलोमीटर पडतात. मुंबईहून सुमारे तीनशे तीस. आकाशात वाढलेले अडीचशे किलोमीटर विमान अर्ध्या तासाच्या आत कापते. जमिनीवर कमी झालेले सव्वाशे किलोमीटर आपले दोन ते तीन तास वाचवतात. शिवाय महाड-पोलादपूर, कशेडी आणि परशुराम घाट हा सगळा पट्टाच टळतो, आणि सिंधुदुर्गातील महामार्गाचे रुंदीकरणही उत्तरेकडील भागाच्या आधी झालेले आहे.

दफनविधीच्या त्या वेळी मोपा नव्हते, पण दाभोळी होते. गोव्याला येणाऱ्या विमानाची चौकशीच कोणी केली नाही. “आखातातून यायचे म्हणजे मुंबईलाच उतरायचे” ही आपल्याकडील जुनी सवय. वडिलांच्या पिढीला दुसरा मार्ग नव्हता, म्हणून ती लागली. मुंबईला उतरून डोंगरी-भायखळ्याच्या नातेवाइकांकडे एक रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी एस.टी. धरायची, हा त्यांचा क्रम होता. आता मुक्काम कोणी करत नाही, तरी तिकीट मात्र आपण त्याच सवयीने काढतो.

मोपाला प्रत्येक शहरातून दररोज थेट विमान नसते, आणि सणासुदीला भाडेही जास्त असू शकते, हे मान्य. दापोली, मंडणगड, खेडच्या कुटुंबांना तर मुंबईच जवळची. त्यांनी हा सल्ला मनावर घेऊ नये. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळ पनवेलच्या बाजूला असल्याने त्यांना पुढे अधिक उपयोगी पडेल. शहरातून बाहेर पडण्याचा तास-दीड तास तेथे वाचतो. रत्नागिरीपासून सरळ रेषेत सर्वांत जवळ आहे ते कोल्हापूर, सुमारे ११० किलोमीटर. परंतु मध्ये सह्याद्री उभा आहे. आंबा घाट चढून जायला तीन-साडेतीन तास लागतात आणि देशांतर्गत विमान बदलण्याचा खटाटोप वेगळाच. मात्र रत्नागिरी, लांजा, राजापूरच्या घरांनी तिकीट काढण्यापूर्वी मुंबई आणि मोपा हे दोन्ही हिशेब घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मांडून पाहावेत, एवढेच आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आमच्या धर्मग्रामात आता एक पद्धत पडली आहे. परदेशातून कोणी दफनविधीसाठी येणार असेल, तर वेळ ठरविण्यापूर्वी तिकिटाची प्रत मागवली जाते. त्यावरील उतरण्याच्या वेळेत मुंबई असल्यास दहा तास आणि मोपा असल्यास सहा तास मिळविले जातात. पावसाळ्यात त्यावर आणखी दोन. त्याच्या आधीची वेळ फादरही देत नाहीत. कधी कधी त्यामुळे विधी दुसऱ्या दिवशी दुपारी चारला जातो आणि लांबून आलेल्या पाहुण्यांची कुरकुर होते. होऊ द्यावी.

त्या कुटुंबातील वडील गेल्या वर्षी आजारी पडले. धाकट्या मुलाने या वेळी मोपाचे तिकीट काढले. मस्कतहून रात्री साडेदहालाच निघाला, आपल्या घड्याळात तीन वाजता उतरला, पाठीवर एकच पिशवी असल्याने पावणेचारला बाहेर होता आणि साडेआठला रुग्णालयाच्या पायऱ्या चढत होता. वडील जागे होते. त्यांनी विचारले, “विमानाला किती तास लागले रे?”

“विमानाला तीन,” मुलगा म्हणाला. “मला साडेबारा.”